मागचं सिलिंडर

बस डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेल्या भाऊजींनी सहा वर्षं खपून शेडमध्ये दोन माणसांचं विमान बांधलं. उडालंही झकास. पण जरा उंच चढायला लागलं, की इंजिनाचं मागचं सिलिंडर तापायचं, काटा लाल रेघेला टेकायचा आणि भाऊजी तोंड पाडून खाली यायचे. त्यांनी पुढची हवेची तोंडं मोठी केली, तेल बदललं. सिलिंडर ऐकेना.

एका दुपारी त्यांची वहिनी डबा घेऊन आली. तिचं शिवणकामाचं दुकान होतं. इंजिनावरचं झाकण जमिनीवर उलटं पडलं होतं. ती उकिडवी बसून ते न्याहाळू लागली.

"भाऊजी, आतून ही काळी रेघ कसली?"

"इंजिनाभोवतीच्या पत्र्यांना रबराची पट्टी आहे, ती घासते. हवा पुढून शिरते, वर कोंडते आणि सिलिंडरांमधून खाली उतरते. पट्टीने तिला दुसरीकडे जाऊ द्यायचं नाही."

"मग मागच्या कोपऱ्यात रेघ तुटलीय कशी? वीतभर जागा कोरी आहे."

वहिनीने इंजिनावर वाकून तिथली पट्टी चाचपली. ती मागे मुडपली होती.

"तुमची कॉलर उलटी बसलीय! हवा इथून पळ काढतेय. पट्टी पुढे वळवा, म्हणजे हवाच तिला झाकणावर दाबून धरेल."

"आणि मी दोन महिने तेलाला शिव्या घालतोय!" भाऊजी कपाळावर हात मारून हसत सुटले.

वहिनीने वर्तमानपत्राचा नमुना कापला, त्यावरून रबर बेतलं, कोपऱ्यात एकावर एक चढवलं. झाकण बसवताना पट्टी पुढेच वळलीय ना, हे तिने बोट घालून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी एकटेच वर गेले. खाली वहिनीला उभं राहवेना, बसवेना. उतरल्यावर पंखा थांबायच्या आतच ते ओरडले, "काटा हिरव्यातच राहिला! थेट वरपर्यंत! चला, बसा आता."

"मी? मला स्टुलावर चढलं तरी गरगरतं."

बोलता बोलता तिने ओढणी घट्ट बांधलीही होती.

पहिली पाच मिनिटं ती काट्यावरची नजर हलवेना. मग खाली तिला नदीचं वळण दिसलं, खेळण्यातल्यासारखी घरं दिसली आणि काटा ती पार विसरली. "अजून वर!" ती ओरडली.

त्या दिवशी दुकान उघडायला बारा वाजले. दारात तीन गिऱ्हाइकं खोळंबली होती. तिने तिघींनाही सगळं पहिल्यापासून सांगितलं, मगच माप घेतलं.