दादाच्या तोंडाच्या मापाने

आमच्या बँडमध्ये गाणं तोंडापासून सुरू होतं. म्हणजे दादाच्या तोंडापासून. टायरच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही रविवारी दुपारी जमतो. वहिनी ड्रमचे स्क्रू आवळत असते, आमचा लांब्या बास गिटारच्या वायरची गाठ सोडवत असतो, मी माझी गिटार सुरात लावून गप्प बसलेलो असतो, आणि दादा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मांडीवर थाप मारत नवे शब्द म्हणत फिरतो. तोवर कुणी काही वाजवायचं नाही. त्याचा श्वास कुठे संपतो ते वहिनी पकडते आणि तिथे ठोका टाकते. लांब्या त्या ठोक्याला चिकटतो. मग जागा उरली तर मी.

जागा उरत नाही. रॅप आणि रॉक असं आम्ही पोस्टरवर लिहितो खरं, पण त्यातला रॉक हा दादा दम घेतो तेवढ्यापुरता. तो बोलायला लागला की मी उजव्या हाताचा तळवा तारांवर टेकवायचा आणि आवाज दाबून नुसतं टक टक करत राहायचं. एखादी तार चुकून घुमली तर दादा बोलता बोलता हात वर करतो. आधी घरात, मग रस्त्यावर, मग स्टेजवर, आयुष्यभर मी तो वर गेलेला हात बघत आलोय.

लोकांना हे आवडतं, हीच तर पंचाईत आहे. कार्यक्रम संपला की एखादा पोरगा गिटार पाठीला लावून माझ्यापाशी येतो आणि तो दाबलेला, कापलेला आवाज कसा काढता म्हणून विचारतो. मी म्हणतो, मोठा भाऊ असावा लागतो. त्याला वाटतं मी गंमत करतोय.

पोटासाठी मी कवळ्या बनवतो. दंतवैद्य हिरड्यांचा ठसा पाठवतो, मी त्यात प्लास्टर ओततो, गुलाबी मेणावर दात लावतो, मेणाच्या जागी प्लास्टिक भरून शिजवतो, घासतो, चकचकीत करतो. कवळी परत आली तर तिच्यावर निळ्या खुणा असतात, म्हणजे माणसाला तिथे टोचतंय. खुणा घासायच्या आणि पुन्हा पाठवायची. ज्याचं तोंड आहे तो कधी दिसत नाही. बँडमध्ये मला कवळीच म्हणतात. नाव दादाने ठेवलं, हे सांगायला नकोच.

दादा गाडी शिकवतो. त्याच्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाशी एक ब्रेक आणि दादाच्या पायाशी दुसरा. नव्या माणसाचा हात घाबरून सारखा गिअरकडे जातो, तेव्हा दादा त्याच्या मनगटाखाली दोन बोटं घालून तो हात अलगद वर धरून ठेवतो. दाबत नाही, ओढत नाही, फक्त खाली पडू देत नाही. आणि तोंडाने अखंड सूचना. मी दोन आठवडे त्याच्याकडे शिकलो. मग शहराच्या दुसऱ्या टोकाला एका बाईंकडे चोरून शिकलो आणि लायसन्स काढून त्याच्या समोर ठेवलं. तो म्हणाला, "आरसा बघत नसणार तू." खरंच बघत नव्हतो.

तर माझी एक चाल होती. संथ, लांब सुरांची, एक तार छेडली की ती पुरती विझेपर्यंत वाट बघायची आणि मग दुसरी. बाबा गेले त्या वर्षी सुचलेली. तिच्यात शब्द नव्हते आणि मला नकोही होते. प्रत्येक रेकॉर्डच्या वेळी मी ती पुढे करायचो आणि दादा दरवेळी डोळे मिटून, अगदी प्रामाणिकपणे ऐकायचा. मग विचारायचा, "छान आहे रे, पण यात मी कुठे?"

त्याच्या विचारण्यात खोट नसते, म्हणून जास्त चीड येते. बँडमध्ये तो नाही अशी जागा असू शकते, हे त्याच्या डोक्यातच येत नाही. लांब्याला याचं काही वाटत नाही. तो नळदुरुस्तीची कामं करतो, दिवसभर लोकांच्या मोरीत वाकलेला असतो, रविवारी ताठ उभं राहायला मिळालं की तो खूश. मी मात्र कंटाळलो होतो. भांडून भांडून नव्हे, न भांडता कंटाळलो होतो. या वेळी मी वहिनीला सरळ सांगितलं, ही चाल रेकॉर्डवर आली नाही तर मी बँड सोडतो. धमकी नाही, फक्त सांगून ठेवतोय.

वहिनी जिल्हाभर फिरून शाळांमध्ये मुलांचे कान तपासते. तिने मला बोलू दिलं आणि मग विचारलं, "तो नसता तर तू काय वाजवलं असतंस?"

मी म्हणालो, हीच चाल.

"बघू," ती म्हणाली.

रेकॉर्डिंगची तारीख ठरली आणि दादाचा घसा बसला. आधी त्याने आलं चघळलं, मग गुळण्या केल्या, मग नाइलाजाने डॉक्टरकडे गेला. स्वरतंतूंवर गाठी आल्या होत्या. डॉक्टरांनी त्याला पूर्ण मौन दिलं. कुजबुजायचंसुद्धा नाही, कुजबूज तर बोलण्याहून वाईट. दादा तिथून बाहेर आला तो खेळणं काढून घेतलेल्या लहान मुलासारखा चेहरा करून. गाडी शिकवणं त्याने सोडलं नाही, नुसत्या बोटांच्या खुणांनी शिकवत राहिला. शिकणारे म्हणे पूर्वीपेक्षा लवकर शिकू लागले. हे वहिनीने जेवताना सांगितलं आणि दादाने टेबलावर दोनदा टकटक केलं. एक टकटक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.

त्याचे शब्द आता महिन्या-दोन महिन्यांनी रेकॉर्ड होणार होते. पण स्टुडिओ ठरलेला होता, आणि वहिनी म्हणाली की त्या दिवशी कवळीची चाल वाजवू, शब्दांशिवाय. मी दादाकडे बघितलं. त्याने बराच वेळ भाजीत चमचा फिरवला. मग एकदा टकटक केलं. मला त्या क्षणी त्याच्याबद्दल इतकी माया वाटली की मी उठून माझंच ताट घासायला घेतलं.

स्टुडिओ एका छापखान्याच्या मागे होता. भिंतींना करडा फोम, मधे काच, काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणारा, जाड चष्म्याचा, अगदी कमी बोलणारा माणूस. त्याने आम्हाला आधी कधी ऐकलेलं नव्हतं. दादा त्याच्या मागे खुर्चीवर बसला, गळ्यात मफलर, हाताची घडी. यायची गरज नव्हती. पण तो आला नसता तर मला वाईट वाटलं असतं, हेही खरं.

सकाळचे दहा वाजले असतील. मी चाल सुरू केली. एकट्याने वाजवलेल्या पहिल्या दोन ओळी छान गेल्या, तार घुमत राहिली, कानात हेडफोन असल्यामुळे ती अख्ख्या डोक्यात घुमली. मग वहिनीने ठोका दिला, लांब्या आत आला, आणि माझा तळवा तारांवर पडला.

मी टेकवला नाही. तो पडला. ठोका आला की त्याला तिथे जायचं माहीत होतं. मी थांबलो, माफ करा म्हणालो, पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. घरी पलंगावर बसून वाजवताना असं कधी झालं नव्हतं, पण घरी वहिनीचा ठोका नव्हता. तिसऱ्यांदा मी दात आवळून वाजवलं आणि चाल कशीबशी शेवटापर्यंत नेली. काचेपलीकडच्या माणसाने ती आम्हाला ऐकवली.

ऐकताना कळलं. अडखळणारा एकटा मी नव्हतो. वहिनी दर चार ठोक्यांनंतर हलकी होत होती. लांब्या तिथेच थबकत होता. आणि माझी तार नेमकी तिथे चिरडली जात होती. तिघेही आपापल्या परीने बाजूला सरत होतो, पुढून कुणीतरी येणार म्हणून.

चष्मेवाल्याने बटण दाबून विचारलं, "इथे कुणी बोलणार आहे का?"

त्याच्या मागे दादा खुर्चीवर सरळ झाला होता.

चहा आला. वहिनी काठ्या मांडीवर ठेवून म्हणाली, तिलाही आत्ताच कळलं. इतकी वर्षं ती मुलांना कान तपासताना म्हणते, ऐकू आलं की हात वर कर, आणि स्वतःला हे ऐकू आलं नव्हतं. लांब्या म्हणाला, ही मधली रिकामी भोकं ठेवूनच बरं वाटतंय की, असंच ठेवा. मी त्याच्यावर उगाच डाफरलो. मला वाटत होतं, माझी चाल दादाने अडवून धरली आहे, आत ती शाबूत आहे, तो बाजूला झाला की बाहेर येईल. इथे तो बाजूला झाला होता, गळ्यात मफलर घालून मुका बसला होता, आणि अडवत होता माझा हात. मी कुणावर चिडायचं? बरं, या हाताशिवाय माझ्याकडे दुसरं काय होतं? ती पोरं मला विचारायला येतात ते याच हातासाठी. दादा नसता तर मी आणखी चार जणांसारखा घुमणाऱ्या तारा वाजवणारा झालो असतो, किंवा नुसताच कवळ्या करणारा. हे मला माहीत होतं आणि ते मान्य करायचा मला विलक्षण थकवा आला होता.

आम्ही पुन्हा वाजवलं. वहिनीने भोकं बुजवली, लांब्यानेही बुजवली, ती दोघं माझ्याहून बरी. माझा तळवा मात्र पडतच राहिला. मी मनगट वाकवून बघितलं, खुर्ची बदलून बघितली, उभं राहून बघितलं. दुपार होत आली. चष्मेवाला हळूच म्हणाला की हवं तर आपण दुसरं काही घेऊ. दुसरं म्हणजे दादाची गाणी, अर्थात.

तेव्हा दार उघडून दादा आत आला.

मला वाटलं, आता हा मांडीवर थाप मारून ठोका दाखवणार. त्याने तसं काही केलं नाही. स्टूल ओढून माझ्या उजवीकडे बसला, गाडीत असते तशी नजर समोर. आणि माझ्या मनगटाखाली दोन बोटं घातली.

वहिनीने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ठोका दिला.

मी वाजवलं. ठोक्यावर हात खाली जायला निघाला आणि बोटांवर टेकला. दादाने दाबलं नाही, ओढलं नाही. तार घुमत राहिली. पुढच्या ठोक्याला पुन्हा तसंच, तार घुमत राहिली, विझत विझत दुसऱ्या सुराला जाऊन मिळाली, आणि बाबांच्या वर्षी जे सुचलं होतं ते पहिल्यांदा माझ्या घराबाहेर ऐकू आलं. मला रडू येत होतं. मला आनंद झाला होता आणि तो त्याच्या बोटांवर टेकून झाला होता, याचा संतापही येत होता. हे सगळं एकाच वेळी होत होतं आणि मला वाजवत राहायचं होतं.

चाल संपली. चष्मेवाला म्हणाला, "हीच. पण मधे स्टूल करकरलंय. एकदा परत द्याल?"

दादाने बोटं काढून घेतली आणि उठला. स्टूल उचलून भिंतीशी ठेवलं, मला खूण केली, आता तू. मोठ्या मनाने केली, त्यात काही शंका नाही. शिकलेल्या माणसाच्या गाडीतून तो असाच उतरतो आणि फुटपाथवर उभा राहतो.

वहिनी म्हणाली, "तुझं तू वाजव."

मी एकट्याने सुरू केलं. पहिली ओळ, दुसरी ओळ. ठोका आला. तळवा तारांवर पडला, टक, आणि खोलीत काही उरलं नाही. दादा भिंतीशी उभा होता. तो माझ्याकडे बघत नव्हता, मुद्दाम काचेकडे बघत होता, मला शरम वाटू नये म्हणून. त्याला बोलता येत असतं तर तो नक्की काहीतरी बोलला असता आणि मी चिडून बाहेर गेलो असतो, छापखान्याच्या दारातून थेट बसस्टॉपवर, आणि बँड सुटला असता. पण तो गप्प होता. चिडायला त्याने काही ठेवलंच नव्हतं.

मी गिटार मांडीवर सरळ केली आणि हात पुढे केला.

"धर," मी म्हणालो.

त्याने स्टूल जपून, न करकरवता आणून ठेवलं आणि माझं मनगट धरलं.