दम लागलेलं इंजिन

विहिरीत सोडलेला कंदील दुसऱ्यांदाही विझला. गुलाम नबी मिस्त्रीने दोर वर ओढला आणि काचेला बोट लावून पाहिलं. काच अजून गरम होती.

सदाशिवराव घाईला आले होते. विहिरीतल्या कपारीत बसवलेलं त्यांचं ऑइल इंजिन सकाळपासून चाललं आणि अकराच्या सुमारास आपोआप बंद पडलं. गहू ओंबीवर आलेला, ओलित अर्ध्यावर अडलेलं. नेरला माणूस धाडून मिस्त्रीला बोलावलं, तर हा कंदिलाशी खेळत बसला होता. वाऱ्याने विझला असेल, असं ते म्हणाले. कंदिलाला काच असते, एवढंच मिस्त्री बोलला.

"तुले भेव वाटत असन त मी उतरतो," म्हणत सदाशिवरावांनी धोतर खोचलं. पहिल्या पायरीवर पाय टाकला तसा गुलाम नबीने त्यांचा दंड धरला. वीस वर्षांत त्याने कुठल्या मालकाच्या अंगाला हात लावला नव्हता.

"मले भेव वाटते, मालक. मोहिउद्दीन माहा मोठा भाऊ. त्याले नव्हतं वाटत."

सदाशिवराव थांबले, तेव्हा मिस्त्रीने त्यांना सगळं सांगितलं.

मोहिउद्दीन आर्णीकडच्या एका विहिरीत असाच उतरला आणि हाक मारायच्या आत कोसळला. लोक म्हणाले, विहिरीत बाधा आहे. काहींनी त्याच्या बायकोच्या, शमसुन्निसाच्या, पायगुणावर बोट ठेवलं. चौदा वर्षं ती मान खाली घालून वावरली. मग गेल्या पावसाळ्यात गुलाम नबी शाळेचा पंप दुरुस्त करायला गेला होता. वर्गात शिक्षिका विमलताई बरणीत कोळसा जाळून दाखवत होत्या. हा दारातच उभा राहिला आणि तास सुटल्यावर धीर करून त्याने विचारलं. बाईंनी सांगितलं, की कोळसा असो की तेल, जळताना त्यातला कर्ब हवेतल्या प्राणवायूशी एक होतो आणि निराळाच वायू तयार होतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून खोलात साचतो. फार साचला, की तिथे दिवा जगत नाही आणि माणूसही जगत नाही. गुलाम नबीने त्यांच्याकडून ते तीनदा वदवून घेतलं आणि घरी येऊन भावजयीला जसंच्या तसं सांगितलं. त्याच आठवड्यात, कितीतरी वर्षांनी, ती शेजारच्या लग्नाला गेली.

कडुलिंबाच्या फांद्या तोडून त्यांचा भारा दोराला बांधला. विहिरीतली हवा हलावी म्हणून दोघांनी तो खालीवर ओढला. तास गेला. सदाशिवरावांचे तळहात सोलले, पण त्यांनी दोर सोडला नाही. तिसऱ्यांदा सोडलेला कंदील तळापर्यंत जळत राहिला, तेव्हा मिस्त्री उतरला.

इंजिनात बिघाड नव्हताच. धूर बाहेर नेणारा नळ मध्येच फुटला होता. मिस्त्रीने फुटका तुकडा काढून नवा जोडला, चाक फिरवून इंजिन सुरू केलं आणि लगेच वर आला. पाटात पाणी पडलं.

इंदूबाईंनी, सदाशिवरावांच्या कारभारणीने, बांधावर दोघांना शेजारी बसवून भाकरी आणि झुणका वाढला. सदाशिवरावांनी विचारलं, इंजिनाला झालं तरी काय होतं.

"काही नाही. सोताचाच धूर घेऊ घेऊ त्याले दम लागलता."

सदाशिवरावांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, "त्या वायूचं नाव काय हाये, मिस्त्री?"

गुलाम नबीने हातातला घास खाली ठेवला.

"कर्बद्विप्राणिल."

सदाशिवरावांनी म्हणून पाहिलं, पण जीभ मध्येच अडखळली. गुलाम नबी हसला नाही. पायाशी वाहणाऱ्या पाण्यात हात धुऊन तो नीट मांडी घालून बसला, आणि एकेक अक्षर सुटं करून त्याने ते नाव त्यांना पुन्हा सांगितलं.