सरलाबाईंच्या खानावळीतला वास

लिंबायतमध्ये त्या मंगळवारी सकाळी माणसं कुत्र्याचा वास घ्यायला रांगेत उभी होती.

रांग अगदी शिस्तीत होती. रात्रपाळी संपवून आलेले, यंत्रमागावर काम करणारे लूमवाले, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, दोन रिक्षावाले आणि एक टपालवालासुद्धा. पाळी आली की पुढे व्हायचं, चपला काढायच्या, वाकायचं, कुत्र्याच्या मस्तकाला नाक लावायचं आणि "अहाहा, चंदन!" म्हणून बाजूला सरकायचं. कुत्रा पांढरा, गुबगुबीत, गळ्यात झेंडूची माळ. नाव भैरव. प्रत्येक नाकाला तो शेपूट हलवून दाद देत होता. इतक्या लोकांनी आपल्याला हुंगून ओळख करून घ्यावी, यात त्याला तरी काही वावगं वाटत नव्हतं.

सुधाकर मास्तर रांगेत नव्हते. समोरच्या सरलाबाईंच्या खानावळीच्या पायरीवर ते चहा घेत बसले होते. मास्तर त्या गुजराती शहरातल्या नगरपालिकेच्या मराठी शाळेत विज्ञान शिकवायचे. बायको-मुलं अमळनेरला, मास्तर इथे भाड्याच्या खोलीत, आणि मास्तरांचं पोट गेली अकरा वर्षं सरलाबाईंच्या हवाली. त्यामुळे ह्या गल्लीत काहीही घडलं, तरी मास्तर आधी खानावळीच्या बाजूने विचार करायचे आणि मग विज्ञानाच्या.

"मास्तर, तुमी नही येत का वास लेवाले?" धुडकूने रांगेतून हाक मारली. धुडकू चार लूम एकटा चालवायचा आणि सरलाबाईंकडे दोन्ही वेळा जेवायचा. कानाशी दिवसरात्र खटाखट असल्यामुळे तो साधं बोलायचा तेही ओरडून.

"मला सर्दी आहे," मास्तर म्हणाले.

प्लेग येऊन गेल्याला दोन वर्षं झाली होती. शहर झाडून-पुसून लख्ख झालं होतं. लोकांची नाकं मात्र अजून धास्तावलेली होती. जरा कुठे वास आला की माणसं एकमेकांकडे संशयाने बघत. अशा वेळी वासाचा बाबा अवतरणार, हे ओघानेच आलं. बाबांचं नाव भैरवनाथ महाराज. आठवड्यापासून मुक्काम भिकनशेठकडे. भिकनशेठ म्हणजे गल्लीतल्या निम्म्या खोल्यांचे मालक. सरलाबाईंची खोलीही त्यांचीच, आणि तिथे खानावळीऐवजी लूम बसवावेत, हे त्यांच्या मनात दोन वर्षांपासून होतं. सरलाबाई हलत नव्हत्या. नवरा गेल्यावर ह्याच खोलीत चूल मांडून त्यांनी दोन मुलींची लग्नं केली होती.

रांग संपली. बाबांनी खांद्यावरचा लोखंडी चिमटा सावरला. हातभर लांब, वर दहा-बारा कड्या.

"सूंघ लिया सबने? कैसी सुगंध?"

"चंदन!" गल्ली गरजली.

"आता ऐका! हा कुत्रा नाही, काळभैरवाचा हवालदार आहे! जिथं बाधा नाही, तिथं चंदन. जिथं बाधा आहे, तिथं ती ह्याच्या अंगावर चढते आणि दुर्गंध सुटतो. ना डाग, ना दवा, ना दाद, ना फिर्याद! एका मंगळवारी देव एकच घर दाखवतो. दोन विचाराल तर कोपतो!"

देवाचं हे वेळापत्रक मास्तरांना बँकेपेक्षाही कडक वाटलं.

बाबा चार घरांत जाऊन आले. चारही घरांत चंदन. पाचवं घर सरलाबाईंचं. बाबा आत गेले, मागोमाग जमेल तेवढी गल्ली गेली. जेवणाऱ्यांसाठी अंथरलेल्या सतरंजीवर भैरव उभा राहिला. बाबांनी डोळे फिरवले, "अलख!" अशी आरोळी ठोकली आणि चिमटा कुत्र्याच्या कानाशी नेऊन खणाणा खणाणा वाजवला.

आणि वास आला.

तो वास लिहून सांगता येण्यासारखा नाही. सडकी मासळी, गंजलेलं लोखंड आणि तीन दिवसांचं डबकं एकत्र उकळलं तर त्याच्या जवळपास जाता येईल. टपालवाला पहिला बाहेर पडला. बाया पदर नाकाला लावून "माय वं माय!" करत पळाल्या. चुलीवरची शेवभाजी रटरटत होती, पण तिचा वास कुणालाच येईना.

बाबा बाहेर येऊन उंच आवाजात म्हणाले, "नवऱ्याचा आत्मा ह्या चुलीत अडकलाय! इथलं अन्न खाणाऱ्याचं रक्त आटेल! बाईनं पुढच्या अमावास्येच्या आत घर सोडावं!"

भिकनशेठनी हात जोडले. चेहऱ्यावर दुःख आणायचा प्रयत्न त्यांनी केला. तो पूर्ण यशस्वी झाला नाही.

मास्तर पुढे झाले. "अहो, कुत्रं आहे. कुत्र्याला वास येतोच. आंघोळ घातली नसेल!"

गल्ली हसली. "मास्तर, आत्तेच तर त्याले चंदनना साबण लायेल शे आमन्या समोर!" धुडकू ओरडला. "आनि वास फक्त आठेच कसाले उना? सांगा!"

वास इथेच का आला, हा प्रश्न मास्तरांनाही पटला. वीस वर्षं विज्ञान शिकवलं, पण कुत्र्याला वास का येतो, हा धडा पाठ्यपुस्तकात नव्हता.

संध्याकाळी खानावळीत बावीसपैकी चार पानं मांडली गेली. बाकीचे अठरा जण रेल्वे पुलाखालच्या गाडीवर पाव खायला गेले. धुडकूही गेला. जाताना त्याने दारातून नजर चुकवली. त्याला गावी सहा महिन्यांचं पोर होतं, आणि रक्त आटण्याची जोखीम बापाने घ्यायची नसते.

सरलाबाई रडल्या नाहीत. चौघांना वाढून झाल्यावर त्यांनी सतरंजी गुंडाळून मास्तरांसमोर आपटली.

"मास्तर, मी अडाणी आहे म्हणून विचारते. आत्मा सतरंजीवर डाग पाडतो का?"

"म्हणजे?"

"कुत्रं उभं होतं तिथं, मागच्या पायांजवळ. रुपयाएवढा डाग, तपकिरी. सगळा वास त्यातच आहे. चुलीला वास नाही, भिंतीला नाही. आणि अजून एक. त्या चार घरांत चिमटा खांद्यावरच होता. माझ्याकडेच वाजवला."

मास्तर खजील झाले. ते दारात उभे राहून विज्ञानाच्या बाजूने बोलले होते; बघितलं होतं ते हिनेच.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मास्तर सतरंजी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेले. तिथे डॉक्टर चंचलबेन म्हशीच्या खुरात पट्टी भरत होत्या. पन्नाशीच्या बाई, साडीवर गमबूट. मास्तरांनी पिशवीची गाठ सोडायला घेतली, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "बंद करो, बंद करो! समजी गई."

"काय समजलं?"

"बसा मास्तर. सगळी कुत्री सारखी वास मारत नाहीत. कुणाचा कान पिकलेला असतो, कुणाचे दात किडलेले, कुणाच्या कातडीला बुरशी, कुणी मेलेल्या उंदरावर लोळून आलेला. पण हा वास वेगळा. कुत्र्याच्या शेपटीखाली, दोन बाजूंना दोन पिशव्या असतात, बोराएवढ्या. आत हा रस. एकमेकांना ओळखायला, हद्द सांगायला. शी करताना रोज थोडा थोडा निघून जातो, कुणाला कळतही नाही."

"मग ह्याच्याच अंगात एवढा कसा साठला?"

"खायला काय देतात त्याला?"

मास्तर आठवू लागले. भैरव भाकरी खात नसे. गल्लीतली प्रत्येक बाई त्याला नैवेद्य दाखवायची. "शिरा. साजूक तुपातला. दिवसातून पाच-सहा वेळा."

चंचलबेन एवढ्या हसल्या की म्हैस दचकली. "घट्ट शी झाली तर पिशव्या दाबल्या जातात आणि रिकाम्या होतात. शिऱ्याने पोट ढिलं. पिशव्या भरत राहतात, रस दाट होत जातो. आणि कुत्रा एकदम घाबरला की पिचकारी! एकदा सुटली की पुन्हा भरायला दिवस लागतात. तुमच्या देवाला म्हणून तर एका मंगळवारी एकच घर झेपतं."

"म्हणजे बाधा आमच्या लोकांनीच तुपात परतून त्याच्या पोटात घातली?"

"ने बदाम नाखीने, वर बदाम घालून," डॉक्टर म्हणाल्या.

त्या रात्री जेवताना मास्तरांनी सगळं सरलाबाईंना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी भर गल्लीत बाबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"महाराज, मंगळवारी परत या. वास आला तर तिथल्या तिथे किल्ली शेठच्या हातात देते, अमावास्येचीही वाट बघत नाही. नाही आला, तर तुम्ही माझ्या सतरंजीवर बसून जेवायचं."

बाबांना ह्यात नुकसान काहीच दिसलं नाही. भिकनशेठना तर फायदाच दिसला.

मंगळवारी सकाळी आठला चंचलबेन लुनावरून आल्या. गल्लीतल्या कुत्र्यांना हडक्याची, म्हणजे पिसाळण्यावरची, लस टोचायची होती आणि ती त्यांनी खरोखरच टोचली. मोत्या, काळू, एक लंगडी कुत्री, कुणाला सोडलं नाही. मग त्या भिकनशेठच्या अंगणात गेल्या. बाबा आत समाधीत होते आणि समाधी घोरत होती.

"शेठ, तोंड धरा. देवाचं असलं तरी दात आहेत."

हवालदाराची सेवा करायला मिळते म्हणून भिकनशेठनी दोन्ही हातांनी तोंड धरलं. डॉक्टरांनी लस दिली, हातमोजा चढवला आणि शेपूट वर केली. एका क्षणात शेठचा चेहरा कसनुसा झाला.

"बेन, हा वास?"

"सारवार करुं छुं, उपचार! वास तो आवे ज ने!" असं म्हणत त्यांनी कापसाचा बोळा काचेच्या बाटलीत टाकला आणि बूच घट्ट लावलं. भैरवाने अंग झाडलं आणि त्यांचा हात चाटला. बहुधा कित्येक महिन्यांनी त्याला न घाबरवता कुणी मोकळं केलं होतं.

दहा वाजता चंदनाची आंघोळ झाली, रांग लागली, नाकं टेकली. ह्या वेळी बाबा थेट सरलाबाईंकडे आले. गल्ली खिडक्यांना लटकली. दारात सरलाबाई उभ्या होत्या, किल्ली पदराच्या टोकाला बांधलेली. एका मुठीने त्यांनी ती गच्च धरली होती.

"अलख!"

खणाणा खणाणा. भैरवाने शेपूट पायांत घातली, कान पाडले. लोकांनी नाकं दाबली.

थोड्या वेळाने एकेकाने नाकावरचा हात काढला. शेवभाजीचा वास येत होता. चांगला झणझणीत.

बाबांनी चिमटा दुसऱ्या कानाशी नेला. मग दोन्ही कानांशी. मग जमिनीवर आपटला. घाम फुटला, कड्या तुटायच्या बेतात आल्या. कुत्रा बिचारा सतरंजीवर अंग चोरून बसला होता, पण चंदनाशिवाय काही देत नव्हता.

"बाधा घाबरली!" बाबा ओरडले. "पळून गेली!"

"पळाली नाही," मास्तर म्हणाले. "माझ्याकडे आहे." आणि त्यांनी खिशातली बाटली काढून बूच उघडलं.

"ओ ओ ओ! हाऊच! हाऊच वास!" धुडकू खिडकीतून मागे पडला.

"भिकनशेठ," मास्तरांनी विचारलं, "हा वास आज सकाळी तुम्हाला कुठे आला होता? तुमच्या स्वतःच्या अंगणात ना? तोंड तुम्हीच धरलं होतं."

भिकनशेठनी बाबांकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, आणि गल्लीकडे पाहिलं. सगळी गल्ली त्यांच्याकडे पाहत होती. "आला होता," ते पुटपुटले. "शेपटीखालून."

मग चंचलबेननी गर्दीतून पुढे येऊन सगळ्यांना सांगितलं: बोराएवढ्या पिशव्या, शिरा, चिमट्याची भीती. हशा सुरू झाला तो बायकांच्या बाजूने, कारण कुणी कुणाच्या शिऱ्यात किती तूप घातलं, हे त्यांनाच माहीत होतं. बाबांनी ह्या हशाचा फायदा घेऊन चिमटा तिथेच टाकला आणि स्टेशनचा रस्ता धरला. सतरंजीवर बसून जेवायला ते थांबले नाहीत. भैरव गेला नाही. सरलाबाईंनी पुढ्यात टाकलेली कळण्याची सुकी भाकरी तो मन लावून चावत होता.

"हसता काय?" मास्तरांचा आवाज चढला. "वास खोटा नव्हता. तुमचं नाकही खोटं नव्हतं. वास आला, इथपर्यंत नाकाचं काम. तो कशाचा, हे आपण बाबाला विचारलं. कुत्र्याच्या डॉक्टरला कुणीच विचारलं नाही, मीही नाही. ह्या बाईने सतरंजीवर वाकून बघितलं नसतं, तर आज ती चूल डोक्यावर घेऊन रस्त्यावर असती आणि आपण चंदन हुंगत बसलो असतो. जे कळत नाही त्याला एवढंच म्हणावं, की अजून कळलं नाही. आणि मग शोधावं."

संध्याकाळी अठराच्या अठरा जण खाली माना घालून परत आले. सरलाबाई दारात पळी घेऊन उभ्या होत्या.

"वास कुठून आला होता?" त्यांनी पहिल्याला विचारलं.

"शेपटीखालून, मावशी."

"बस. पुढचा."

अठरा जणांनी उत्तर दिल्यावरच अठरा ताटं वाढली गेली. धुडकू सगळ्यात शेवटी आला आणि सगळ्यात मोठ्याने बोलला. पलीकडच्या गल्लीलाही धडा झाला.

पंधरा दिवसांनी बातमी आली की गोडादऱ्यात एका देवळात मारुतीला घाम फुटतोय आणि लोक वाट्या घेऊन धावताहेत. धुडकूही पाळी संपताच धावला. रात्री जेवायला बसला तेव्हा त्याचा शर्ट कोळिष्टकांनी भरला होता आणि गुडघा खरचटला होता.

"दर्शन झालं का?" सरलाबाईंनी ठेचा वाढत विचारलं.

"दर्शन मंग, मावशी," धुडकू भाकरी मोडत ओरडला. "मी पहिले देऊळना धाब्यावर, छतवर चढनू. वर पानीनी टाकी शे. तडकेल शे."