मॅडमनं दिलेलं

रविवारची सकाळ. छत्तीसगडमधल्या खुर्सीपार वस्तीत त्या दोन खोल्यांच्या घरात सगळं रोजच्यासारखंच चाललं होतं. सुगत पहिल्या पाळीला पोलादाच्या प्लांटवर गेला होता. ठेकेदाराच्या माणसाला कसला आलाय रविवार! त्याची बायको कांता पोळ्या लाटत होती. सासरे धोंडबा दारातल्या खुर्चीवर पेपर वाचत बसले होते. आणि सोळा वर्षांची पायल गच्चीवर मोबाईल विटांना टेकवून नाचत होती. गाण्याचा एकच तुकडा, सातव्यांदा.

ती खाली आली तेव्हा तिच्या अंगात चंदेरी जॅकेट होतं. खुर्सीपारच्या उन्हात ते इतकं झगमगत होतं, की धोंडबांनी पेपर खाली ठेवला.

"हे कोनाचं व?"

"मोना मॅडमनं देल्लं, आबाजी. जाते वक्त पिशवी भरून ठेवली होती, मेरे लिए."

धोंडबांचा चेहरा उतरला. चौतीस वर्षं त्यांनी भट्टीपुढे काढली होती. पगार झाला की आधी घरच्यांना नवे कपडे, मग बाकी सगळं, हा त्यांचा नेम. "कांता," ते आत वळून म्हणाले, "उष्टं अन् उतरलेलं घेनं आपल्या लोकायनं चळवळीत टाकून देल्लं. मायी माय फाटकं नेसली, पन कोनाचं उतरलेलं नाई नेसली. अन् तुमी आता हौसेनं आनून राहिले?"

"मामंजी, आता कोन पाह्यते ते? कपडा चांगला आहे ना!" कांता म्हणाली खरी, पण सासऱ्याकडे न बघता. कारण तिच्या पलंगाखालच्या पेटीत मोना मॅडमचे तीन ड्रेस आणि एक शाल होती. मॅडमने दिलेलं हे सगळं तिने म्हाताऱ्याला न कळू देता वर्षभरात आणलं होतं. मुलीला काय बोलणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

मोना मॅडम म्हणजे जुनवानीतल्या बंगल्यात राहणारी, अल्बमच्या गाण्यांत नाचून आणि मोबाईलवर आपलं जेवण, झोप, चपला दाखवून नाव कमावलेली बाई. तिला लाखो पोरं रोज बघत. कांता तिच्याकडे सकाळचा स्वयंपाक आणि भांडी करी. पायलला ह्याचा इतका अभिमान, की कॉलेजात ती 'मेरी मम्मी मोना मॅम के साथ काम करती है' असं सांगे. काय काम, ते सांगत नसे.

त्या रविवारआधीच मॅडम बारा दिवसांसाठी दुबईला गेली होती आणि पोचल्यापासून तासातासाला फोटो टाकू लागली. घर रिकामं आहे, हे तिने अख्ख्या छत्तीसगडला स्वतःच सांगितलं. जाताना किल्ली कांताकडे दिली, गच्चीतल्या चाळीस कुंड्यांना पाणी घालायला. कांताचा गुडघा सुजलेला, जिने चढवत नव्हते. "मम्मी, मैं चली जाऊंगी ना," पायल म्हणाली, आणि पोरगी हाताशी आली म्हणून कांताचा ऊर भरून आला. किती भोळी असते आई!

मॅडम बुधवारी परतली. कांता कामावर पोचली तेव्हा बंगल्यासमोर पोलिसांची गाडी उभी होती आणि गल्लीचे चौकीदार देवराव तिच्यात मान खाली घालून बसले होते. देवराव मूळचे नागपूरकडचे, रेल्वेत गँगमन होते. पेन्शन पुरेना म्हणून ही चौकीदारी. कांताला ते बहीणच मानत. दुपारी ती दमून गेटपाशी टेकली की स्वतःच्या थर्मासमधला चहा पुढे करत.

"कांता, तुम पर तो मुझे पूरा भरोसा है," मॅडम म्हणाली. तिने मोबाईल समोर धरला होता आणि अधूनमधून त्याच्याकडेच बघत होती. "ताला टूटा नहीं। दूसरी चाबी इसी चौकीदार के पास रहती थी। घड़ी, पर्स, सैंडल, मेरा सिल्वर जॅकेट, सब गया।"

सिल्वर जॅकेट. कांताला रविवारचं पायलच्या अंगातलं जॅकेट आठवलं. तिने गाडीकडे पाहिलं. देवरावांनीही तिच्याकडे पाहिलं, आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली.

घरी येऊन तिने पेटी ओढली. तिने लपवलेल्या तीन ड्रेसांच्या खाली दोन पर्स होत्या, उंच टाचांचे सँडल होते, मोत्यांचे कानातले होते. पोरीने लपवायला जागाही आईचीच निवडली होती. पायलला समोर बसवून तिने मोबाईल हिसकावला. त्यात मॅडमच्या पलंगावर मॅडमचे कपडे घालून लोळणारी तीन पोरं दिसली: पायल, तिची मैत्रीण खुशबू आणि गल्लीतला पियूष. हसत होती, ओठ पुढे काढून फोटो काढत होती. चार वेळा गेली होती.

"चोरी कायले केली व?"

"चोरी नहीं है, मम्मी! हम लोग तो बस एक दिन मोना बनके देखे. तिच्याकडे इतकं आहे, उसको तो गिनती भी नहीं." मग पायलचे डोळे चमकले. "पाह्य ना, जॅकेटवाली रील कितनी चली! लोग पूछ रहे, कौन है ये लडकी."

"अन् घड्याळ?"

"पियूषनं विकलं. नया फोन लेना था, शूट के लिए."

"देवरावनं तुले पाह्यलं नाई?"

"पाह्यलं ना. म्हटलं, मॅडमनं देल्लेले कपडे आहेत, मम्मीनं आनाले सांगतलं. ते म्हने, धोंडबाले नको दाखवू, रागवन."

आता कांताला गाडीतली ती नजर समजली. देवरावांना वाटत होतं, कांतानेच पोरीला पाठवलं, आणि कांतानेच नेलं. म्हणून तोंड मिटून बसले होते.

त्या दुपारी ती पोलिसांकडे गेली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण ती गेली नाही. सुगत कामावरून आला, ऐकलं, आणि भिंतीला टेकून म्हणाला, "चूप राह्य. पोरगी आहे. उद्या हिचं लगन कोन करन? देवरावजवळ काई सापडलंच नाई, सोडून देतीन ते त्याले." कांताने मान हलवली. आई होती ती. तिला दोष देणं सोपं आहे. पण एक दिवस गेला, दुसरा गेला, आणि चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते तिच्या डोळ्यांदेखत घडत राहिलं.

शुक्रवारी देवरावांची बायको ठकूबाई दारात आली. चालत आली होती. पाणी दिलं तर घेईना.

"कांता, मॅडम तुयं ऐकते. सांग ना तिले. ह्यायले ठान्यात लय मारलं व. डाव्या कानातून रक्त आलं, आता दवाखान्यात टाकलं. डॉक्टर म्हनते, त्या कानाचं ऐकू येनं गेलं." तिने पदराने नाक पुसलं. "ह्यायले मालूम आहे, कोन आलं होतं. पन नाव नाई घेत. म्हनते, आपल्याच मानसाचं घर आहे, चुलीत माती कायले घालू?"

ठकूबाई गेली. आतल्या खोलीत पायल कानात तारा घालून गाणं ऐकत होती. कांताने त्या तारा ओढून काढल्या.

"चप्पल घाल."

"कुठं?"

"ठान्यात."

सुगत आडवा आला. "येडी झाली का तू? पोटची पोरगी आहे!"

"म्हनूनच जाऊन राहिली. इची चोरी मायाच पेटीत लपली होती. मी उतरलेल्यावर जीव टाकला, इनं न देल्लेलं उचललं. पन त्या मानसाचा कान आपून तिघायनं दोन दिवस गप राहून घेतला."

सुगत बाजूला झाला. दारात ऐकत बसलेले धोंडबा उठले. 'मी सांगितलं होतं' असं म्हणाले नाहीत. पांढरा सदरा चढवून, काठी घेऊन ते दोघींच्या पुढे चालू लागले.

ठाण्यात कांताने सगळं सांगितलं. पेटीतलं सामान टेबलावर ठेवलं. खुशबूचं, पियूषचं नाव सांगितलं. आणि शेवटी स्वतःचंही, किल्ली आपण पोरीच्या हाती दिली म्हणून. ठाणेदार साहेबांनी मॅडमला फोन लावला. मॅडम अर्ध्या तासात आली, तीही एकटी नाही. मागे कॅमेरा धरलेला एक माणूस होता.

तिने पायलला वरून खालपर्यंत निरखलं आणि तिला एकदम काहीतरी सुचलं. "बच्ची है। मैं केस आगे नहीं बढ़ाऊंगी, सर। बस एक माफी का वीडियो बनेगा। ये मेरे पैर छुएगी, रोएगी, मैं गले लगाऊंगी। लोगों को मॅसेज जाएगा।"

साहेबांनाही बरं वाटलं. "मान लो, बाई। नहीं तो बच्ची बाल न्याय बोर्ड के सामने जाएगी, बालगृह में रहना पड़ सकता है।"

कांताने सुटकेचा निःश्वास सोडला. हात जोडायला ती उठलीही. तेवढ्यात तिची नजर पायलवर पडली. तीन दिवसांत पोरीच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता तिने गालावर आलेले केस कानामागे सारले, ओढणी नीट केली आणि हळूच विचारलं, "मॅम, आपके पेज पे डालोगे ना? मेरा नाम टॅग करोगे?"

कांताने जोडायला उचललेले हात खाली घेतले. चोरी उघड झाली तेव्हा तिला जे कळलं नव्हतं, ते त्या क्षणी कळलं. पोरीला शिक्षेची भीती नव्हती, लाज नव्हती. पकडलं जाणंही तिला मिरवायचंच होतं. आणि समोरची बाई ते मिरवणं तिला बक्षीस म्हणून देत होती.

"नाई," कांता म्हणाली.

"क्या?"

"व्हिडिओ नाई बननार. तुमचं सामान तुमाले भेटलं, मॅडम. पन मार तुमी नाई खाल्ला. ज्यानं खाल्ला त्याची माफी मांगाची आहे, अन् तिथं तुमचा क्यामेरा नाई येनार." ती साहेबांकडे वळली. "लिहा, साहेब. जे कायद्यात असन ते लिहा. बालगृहात ठेवाची तं ठेवा. मी रोज भेटाले जाईन. तिथून मायी पोरगी परत येईन. यायच्या मोबाईलातून नाई येनार."

"मम्मी, तू पागल है क्या!" पायल किंचाळली. "फ्री में छोड रहे हैं!"

"फुकट नाई व, बाई," धोंडबा म्हणाले. "लय महाग आहे ते."

मॅडम वैतागून निघून गेली. कागद झाले. बोर्डापुढे नेण्याआधी अर्धा तास मागून कांताने पायलला दवाखान्यात नेलं. सोबत साध्या कपड्यांतली एक महिला शिपाई होती. पायलचा मोबाईल ठाण्यात जमा होता, आणि वाटभर तिचा हात पुन्हापुन्हा रिकाम्या खिशाकडे जात होता.

देवराव कुशीवर पडले होते, डोक्याला पट्टी होती. ठकूबाईने आधी कांताकडे, मग पायलकडे पाहिलं. तिला सगळं उमगलं. ती उठून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"सॉरी, काका," पायल घाईघाईने म्हणाली.

देवरावांना ऐकू आलं नाही. त्यांनी कष्टाने मान वळवून उजवा कान वर केला आणि नेहमीच्याच मायेने विचारलं, "काय म्हनते, बेटा? या बाजूनं सांग."

पायलने आजूबाजूला पाहिलं. मोबाईल धरून टिपणारं कोणी नव्हतं. कोणी नाव विचारत नव्हतं. पट्टीखालून सुकलेलं रक्त दिसत होतं, अगदी तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. मग ती खाटेच्या काठाशी गुडघ्यांवर बसली, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा वेडावाकडा झाला, नाक वाहू लागलं, हुंदका आवरेना. असा चेहरा कुठल्याही रीलमध्ये कोणी ठेवत नाही.

"मी चोरी केली," ती त्या कानाशी म्हणाली. "मीच केली, काका."

देवरावांनी डोळे मिटले. त्यांनी माफ केलं की नाही, ते बोलले नाहीत, आणि कांतानेही विचारलं नाही. शिपाई बाईने घड्याळाकडे पाहिलं. कांताने पोरीला दंडाला धरून उठवलं, पदराने तिचं तोंड पुसलं आणि तिला घेऊन बाहेर चालू लागली.