मर्सीने उलटलेलं पान

मित्रांनो, माझा कणा दोनदा शिवलेला आहे आणि कडा पिवळ्या पडल्या आहेत, तरी कोणी वाचायला बसलं तर मी दमत नाही. मी वसईच्या डग्लस यांच्या घरातला जुना ग्रंथ, मराठी बायबल. नोकरीसाठी कतारला येताना त्यांनी मला कपड्यांत गुंडाळून आणलं. तिथल्या फरीज बिन ओमरान या वस्तीतल्या फ्लॅटमध्ये ते रोज एक अध्याय मोठ्याने वाचत. त्यांची बायको मर्सी मुलांना वाचून दाखवी, तेव्हा उत्पत्तीचा सतरावा अध्याय मात्र भरकन उलटे. "त्यात सुंतेचं आहे. मोठे झालात की वाचा."

गेल्या वर्षी डग्लस गेले. अकरा महिने मी कपाटात होतो.

या शुक्रवारी त्यांच्या मुलीने, कॅरिनाने, मला बाहेर काढलं. तिने आणि नवरा ऑस्टिनने दत्तक घेतलेल्या जॉनसनचा बाप्तिस्मा होता. माझ्या पहिल्या पानावर घराण्यातली नावं आहेत, सगळी डग्लसच्या हातची. कॅरिनाला तिथे बाळाचं नाव हवं होतं. मर्सीने पेन उघडलं आणि परत मिटलं.

"बाय, पोर माझं लाडकंच आहे. पण या पानावर आपल्या रक्ताचेच आहेत."

"मम्मी, तू उलटायचीस ते पान वाच."

मर्सीने चष्मा लावला. देव अब्राहामाशी करार करतो आणि सुंता ही त्याची खूण ठरवतो. खूण कागदावर नाही, देहावर. तीही आठव्या दिवशी, बाळाला काही कळण्याआधी, त्याने काही मिळवण्याआधी. घरात जन्मलेल्याची, आणि वंशातल्या नसलेल्या, परक्याकडून घरात आलेल्याचीसुद्धा.

ती ओळ मर्सीने दोनदा वाचली.

"म्हणजे घरात आला तो करारात आला."

"आणि अब्राहाम तेव्हा नव्याण्णव वर्षांचा होता," ऑस्टिन म्हणाला. "करार झाला त्याच दिवशी त्याचीही सुंता झाली."

"नव्याण्णव? बरं झालं, आपल्यात पाण्यावर भागतं." मर्सी पदर तोंडाला लावून हसली. "त्याने एवढं केलं, मग मला अडुसष्टाव्या वर्षी पेन उचलायला काय झालं?"

तिने कॅरिनाच्या नावाखाली जॉनसनचं नाव लिहिलं, जरा तिरकं, पण ठळक.

"यल्ला, चल मम्मी, फादर वाट बघतायत."

शाई अजून ओली होती. मर्सी मला मांडीवर उघडाच धरून गाडीत बसली, शेजारी जॉनसन. मित्रांनो, धुळीपासून आम्हाला जरूर जपा. पण असं अधूनमधून बाहेरही न्या. कपाटात आम्ही सुरक्षित असतो, एवढंच.