दारात आलेल्याला चहा

आनंदीबाईंनी मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"आये, पदर कित्याक? मीच आसंय," पडद्यावर गौरजा हसली. "उद्या माझी वकीलबाई आसतली. आज नुसतो सराव."

गौरजा इंग्लंडात होती. घटस्फोट झाला तरी नवरा धनेश तिला सोडायला तयार नव्हता. म्हणून तिने तिथल्या सरकारकडे आश्रय मागितला होता. परत पाठवलं तर तिच्या जिवाला धोका आहे, हे आईने कोकणातल्या कसालच्या या स्वयंपाकघरातून सांगायचं होतं.

गौरजाने वकीलबाईंचा पहिला प्रश्न वाचला. परत आली तर तुम्ही तिला सांभाळू शकाल?

"मगे? आवशीचा घर आसा. कोण हात लावता बघतंय!"

"आये! मगे हयचा सरकार म्हणतला, जा घराक."

"तर काय, माझ्या घरात माझ्या चेडवाक जागा नाय म्हणान सांगू? परक्यांसमोर? लोक काय म्हणतले?"

"हय खंयचे लोक? हय तुका कोण वळाखता?"

प्रश्न तोच. पुन्हा.

"सांभाळीन, पण..." आनंदीबाई अडल्या. "नको गो. ह्या माका बोलूक जमणा नाय."

बरं, दुसरा प्रश्न. धनेश अजून येतो?

"येता. बुधवारी. चाय घेता नि जाता."

गौरजाचा चेहरा पडद्याच्या अगदी जवळ आला.

"तू त्याका चाय देतंस?"

"दारात इल्लो माणूस. तसोच धाडू?"

"नि बोलता काय?"

"काय बोलतलो! म्हणता, कागदान सुटली, माझ्याकडसून नाय सुटली. कधी येतली, इचारता. पायरेर बसता. कोयतो मांडयेर घेता, अंगठ्यान धार बघीत ऱ्हवता. चाय बरी झाली म्हणता."

पडद्यावरचं चित्र अडकलं असं वाटून आनंदीबाईंनी फोन उचलून हलवला.

"आये, ह्या आधी कित्याक सांगूक नाय?"

"कोयतो सगळ्यांकडेच आसता."

म्हणाल्या खऱ्या. पण पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिल्या, बोट पांढरं पडेपर्यंत.

*

दुसऱ्या दिवशी वकीलबाई इंग्रजीत विचारत होत्या, दुभाषी मराठीत सांगत होता. गौरजाला त्यात घेतलं नव्हतं. आनंदीबाई कचेरीत बोलावं तसं बोलल्या. चहा सांगितला. कोयता सांगितला. अंगठासुद्धा.

"ती परत आली तर तुम्ही तिला सांभाळू शकाल?"

"नाही."

ऐकू गेलं नसेल असं वाटून त्या मोठ्याने म्हणाल्या, "नाही. तिला माझ्या घरी पाठवू नका."

वकीलबाई काहीतरी बोलल्या. दुभाष्याने मराठीत सांगितलं.

"त्या विचारतात, तुम्हाला कल्पना आहे ना? आश्रय मिळाला तर तिला भारतात येता येणार नाही. तुमच्या आजारपणातही नाही."

(कल्पना नव्हती. गौरजाने हे कधी सांगितलं नव्हतं.)

"आहे," आनंदीबाई म्हणाल्या. "तिनेच सांगितलं मला."

*

संध्याकाळी गौरजाचा फोन.

"झाला सगळा? आणखी काय इचारल्यानी?"

"काय नाय. तो दुभाषी बरो माणूस. त्यांका सांगलंय, कधी कसालाक इलात तर जेवूक येवा."

"काय गो तू! नि माका बोलवणस नाय?"

आनंदीबाईंनी चुलीवरच्या भाताचं झाकण काढलं, परत ठेवलं.

"तू थंयच जेव," त्या म्हणाल्या. "पोटभर जेव."