दुपट्याचा उजेड

"बावीस माणसांना गाडीत घालून इतक्या लांब आणायचं आणि अंधार दाखवायचा?" ऑफिसचे मालक म्हणाले. "अंधार त्यांच्या घरीही असतो. बटण दाबलं की झालं."

तिने मान वर केली. कडेवर तिची तान्ही ठकी होती, खांद्याला ठकीची पिशवी होती, हातात सहलीच्या आखणीचा कागद होता आणि डोक्यावर खरोखरच काही दिसत नव्हतं. छत उंच आहे आणि काळं आहे, एवढंच कळत होतं. नदीकाठच्या टेकडीवरचं हे दालन कधीकाळी होडीतून उतरणाऱ्या प्रवाशांच्या विसाव्यासाठी बांधलेलं. त्याच्याबद्दल एका जुन्या माहितीपत्रकात एकच ओळ होती : छतावर रंगीत चित्र आहे. त्या एका ओळीवर तिने दोन दिवसांची सहल उभी केली होती.

ठकी झाल्यावर सहा महिने घरी राहून ती सहलींच्या ऑफिसात परतली, ती पूर्वीसारख्या सहली आखायला मिळतील या आशेने. मिळाली तिकिटांची खिडकी. मग एक दिवस तिच्या सासूबाई आपल्या निवृत्त शिक्षिकांचा गट घेऊन ऑफिसात थडकल्या. दोन दिवस, हातमाग, मातीकाम, जुन्या वास्तू. "आणि सगळ्या जगाने पाहिलेलं नको," त्यांनी मालकांना बजावलं, "आखणी माझी सून करेल."

मालकांनी मनगटाकडे पाहिलं. पाठीमागे सगळे त्यांना घड्याळबुवा म्हणत, ते उगाच नाही. "एक सहल," ते तिला म्हणाले. "जमली तर सहलींचं टेबल तुमचं. नाही जमली तर खिडकी कुठे पळून जात नाही."

आज दोघं जागा पाहून ठेवायला आले होते. दोघं म्हणजे अडीच.

"दिवा लावता येईल का, मावशी?" तिने दालनाची राखण करणाऱ्या बाईंना विचारलं.

"दिवा नाही, बॅटरी नाही, फोटोचा लाइट नाही," मावशी किल्ल्यांचा जुडगा वाजवत म्हणाल्या. "पूर्वी लोकांनी इथे चुली पेटवून पेटवून वरचं सगळं काळं केलं. आता बोर्ड लावलाय. अकरा वर्षं झाडते मी इथे. वर काहीतरी आहे म्हणतात. असेल."

"असेल," मालकांनी तोच शब्द उचलला. "वरच्या रस्त्याला एक मोठं हस्तकलांचं दुकान आहे. गार हवा, बसायला खुर्च्या, वस्तूंवर चिठ्ठ्या. कार्यक्रमात इथल्या जागी ते टाकतो. गाडीपाशी फोनला रेंज होती. बोलून घेतो." आणि ते पायऱ्या उतरायला लागले.

दुकान काय, कुणीही दाखवतं. हे छत गेलं की उरणारी सहल चार ऑफिसांच्या सहलींसारखीच होणार, आणि सोमवारी खिडकीपलीकडून कुणीतरी म्हणणार, दोन तिकिटं द्या.

तेवढ्यात ठकीने खाली सोडण्यासाठी धनुष्यासारखी कंबर ताणली.

खाली म्हणजे कुठे? कोपऱ्यात ओल होती, भिंतीकडेला वटवाघळांची घाण. दाराच्या आत मात्र उन्हाचा एक चौकोन पडला होता. उन्हात जंतू मरतात हे तिने तीन ठिकाणी वाचलं होतं. तिने पिशवीतून दुपटं काढलं. जुन्या पांढऱ्या चादरीचं, चांगलं ऐसपैस. तिच्या घरात हे दुपटं हा चेष्टेचा विषय होता. दोनदा उकळायचं, तीनदा खळबळायचं, निळीत बुडवायचं, उन्हात वाळवायचं. "माझी नात आहे ती, ऑपरेशन थिएटर नाही," असं सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

तिने उन्हाच्या चौकोनावर दुपटं अंथरलं आणि ठकीला त्यावर उताणी ठेवलं. ठकीने रडण्यासाठी तोंड उघडलं. आणि तसंच उघडं ठेवलं.

ठकी रडली की तिला काळजी वाटायची आणि गप्प झाली की दुप्पट. ती झटकन वाकली. काही गिळलं? मुंगी चावली? ठकी नुसती वर बघत होती, डोळे मोठे करून. म्हणून तीही वर बघायला गेली.

छतावर पाणी होतं. निळं-हिरवं, लाटालाटांचं. त्यावर एक लांबच लांब होडी, आणि होडीत माणसं. एकाच्या डोक्यावर गाठोडं, एक जण शेजारणीच्या खांद्यावर मान टाकून झोपलेला, एक शेळी, एक म्हातारी काहीतरी चघळणारी. दुपट्यावरून उसळलेलं ऊन मऊ होऊन वर पसरलं होतं, आणि काजळीच्या आडून रंग असे बाहेर आले होते जसे ओल्या हाताने पाटी पुसावी.

"कसला उजेड केलात?" मावशी लगबगीने आल्या.

"काही नाही केलं, मावशी. दुपटं टाकलं फक्त."

मावशींनी वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बाहेर जाऊन बोर्ड वाचून आल्या. "दुपटं लिहिलेलं नाही," त्यांनी निर्णय दिला. "पण घाई करा. ऊन अकराला दारातून सरकतं. मग अख्खा दिवस आत येत नाही."

अकराला दहा मिनिटं कमी होती. तिने दारातून हाका मारल्या. खाली नदीवर वाळूचं यंत्र धडधडत होतं, तिचा आवाज तिलाच ऐकू येईना. आत फोनला रेंज नव्हती. मावशींच्या गुडघ्यांचं काही खरं नव्हतं. ठकीला घेऊन उतरायचं तर साठ उभ्या पायऱ्या. सकाळी भिंतीला हात धरून चढायलाच तिला बारा मिनिटं लागली होती. एकटी असती तर जाऊन-येऊन सहा.

एकटी. ठकीला तिने आजवर सासूबाई आणि नवरा यांच्याखेरीज कुणाच्या हाती दिलं नव्हतं, आणि त्यांनाही सूचनांचा कागद लिहून. तिने मावशींकडे पाहिलं, नखं कापलेली आहेत ना तेही पाहिलं.

"मावशी, ती सगळं तोंडात घालते. उन्हाकडे बघू देऊ नका. पालथी पडली तर मान बघा. किल्ल्या देऊ नका, मागेल, पण देऊ नका. उचकी लागली तर…"

"पाच वाढवलीत," मावशी दुपट्याच्या कडेला बसत म्हणाल्या. "पाचही धडधाकट आहेत. एक तर फारच. जा."

ती गेली. पहिल्या दहा पायऱ्यांवर मान वळवून वळवून, पुढच्या पन्नास पायऱ्या मान न वळवता. पाय आपोआप पडत होते. कड मोकळी असताना आपण इतक्या भरभर उतरू शकतो हे ती विसरूनच गेली होती.

मालक गाडीला टेकून फोनवर दुकानवाल्याशी बोलत होते. "चार वाजता म्हणजे चार, पाच मिनिटं इकडेतिकडे…"

"सर, फोन ठेवा."

त्यांनी तिच्या रिकाम्या कडेकडे पाहिलं. "ठकी कुठे आहे?"

"वर. मावशींजवळ."

मालकांनी फोन ठेवला. ही बाई ऑफिसात पाणी भरायला उठताना मुलीला कडेवर घेते, मुलगी घरी असली तर सासूला तासाला दोन फोन करते, आणि आज तिला वर सोडून आली आहे. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. ते पायऱ्या चढायला लागले.

वर पोहोचले तेव्हा उन्हाचा चौकोन वीतभर उरला होता. मावशींनी दुपट्याच्या एका टोकाला गाठ मारून त्याची बाहुली केली होती आणि ठकी ती चघळत होती. चघळू दे. तिने दुसरी दोन टोकं उचलून त्या वीतभर उन्हात धरली आणि हळूहळू कलती केली. उजेड छतावरून सरकत होडीच्या या टोकापासून त्या टोकाला निघाला.

मालक मान मागे टाकून पाहत राहिले. "हा कडेवरून ओणवा झालेला… याला काय झालंय?"

"बोट लागलीय, सर."

"दरवेळी एक असतोच." ते पुढे सरकले. "आणि हा पुढे उभा? बोट नाचवत माणसं मोजतोय."

"ते तुम्ही."

मावशी खुदकन हसल्या. मालक हसले नाहीत, पण मनगटाकडेही त्यांनी पाहिलं नाही. ऊन उंबऱ्याबाहेर गेलं, होडी विझली, तरी ते तसेच उभे होते.

"चारला इथे ऊन नसेल," शेवटी ते म्हणाले.

"चारला आणायचंच नाही. पहिल्या दिवशी सकाळी दहाला इथे. मागांची भेट दुपारी. विणकरांना दुपारच सोयीची आहे, मी विचारून ठेवलंय."

"ढग आले तर?"

"तर दुसऱ्या दिवशी दहाला. मातीकाम दोन्हीपैकी कुठल्याही सकाळी चालेल म्हणालेत. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीची दुसरी जोडी असते, सर."

मालकांनी तिच्या फुगलेल्या पिशवीकडे पाहिलं आणि ते मान्य केलं. "आणि पायऱ्या? बायका सत्तरीच्या आहेत."

"साठ पायऱ्या. दर वीसला बसायला कट्टा. सासूबाईंचे गुडघे धरून वीस मिनिटं लावलीत, गप्पांची पाच वेगळी."

"गप्पांची दहा लावा," मालक म्हणाले. "शिक्षिका आहेत." मग दाराकडे वळता वळता, जणू वेळापत्रकातली आणखी एक ओळ असावी तसं म्हणाले, "सोमवारी खिडकीवर कुणाला बसवायचं, ते बघावं लागेल मला. दुकानवाल्याला नको म्हणून कळवतो."

ते उतरून गेले. तिने ठकीला उचललं, मान पाहिली, मूठ उघडून पाहिली. मुठीत काही नव्हतं. ठकी ठणठणीत होती आणि किल्ल्यांसाठी हात पसरत होती.

मावशी दुपट्याची घडी घालत होत्या, कडेला कड जुळवून. घडी झाली तरी ती त्यांच्या हातातच राहिली.

"हे इथे ठेवून जाल का?" त्यांनी विचारलं. "रोज सकाळी थोडा वेळ अंथरेन. अकरा वर्षं खालचंच झाडत बसले. वर शेळी आहे हे मला कुणी सांगितलं नाही."

पिशवीत दुसरं दुपटं होतं. असायचंच. "ठेवा," ती म्हणाली.

"पण पांढरं राहायला हवं. मळलं की उजेड पडायचा नाही." मावशींनी बोटाने कापड चोळून पाहिलं. "इतकं शुभ्र होतं कसं? धुता कसं, तेवढं सांगा."

आजवर हे तिला चेष्टेशिवाय कुणी विचारलं नव्हतं. ती उंबऱ्यावर बसली, ठकीला मांडीवर घेतलं. खालून गाडीचा हॉर्न वाजला, एकदा, मग दुसऱ्यांदा.

"वाजू दे," ती म्हणाली. "मावशी, आधी पाणी उकळायचं. नुसतं गरम नाही हं, उकळायचं…"